करिष्माच्या समुद्रावर पाळत

आमच्या समोरच्या फ्लॅटमधली करिष्मा दुधाची पिशवी घेते तेव्हा आधी ती दाबून बघते, मग तारीख वाचते, मग दूधवाल्याचं तोंड वाचते. कोथिंबिरीची जुडी सोडवून आतल्या काड्या पाहिल्याशिवाय ती पिशवीत टाकत नाही. सिलेंडर आलं की पोऱ्याला दारातच उभं करून वजनकाटा मागते. पहिल्यांदा मी हे बघितलं तेव्हा मला कळमन्याच्या बाजारातले दिवस आठवले. संत्र्याच्या लिलावाला एक व्यापारी यायचा. ढिगावरच्या संत्र्याकडे तो ढुंकून बघायचा नाही. बाही सारून कोपरापर्यंत हात आत घालायचा, बुडाचं संत्रं काढायचा आणि सगळ्यांसमोर फोडायचा. अडते त्याच्या नावानं बोटं मोडायचे. मला मात्र तो आला की आजचा दिवस कोरडा जाणार नाही असं वाटे. करिष्मा राहायला आली त्या आठवड्यात मी घरी सांगून टाकलं, "समोर बुडाचं संत्रं काढणारी बाई आली आहे. आता मजा आहे."

तिची नोकरीही तिला शोभणारी. एका पतसंस्थेत ती सह्या जुळवते. समोरचा माणूस स्वतःच आलेला असला तरी त्याची सही आधी जुन्या सहीशेजारी ठेवते. एकदा मला म्हणाली, "काकाजी, माणूस आपलंच नाव रोज थोडं वेगळं लिहिते. जो दरवेळी अगदी एकसारखं लिहिते ना, त्याच्यावर जास्त नजर ठेवा लागते."

घरात माणसं तीन. करिष्मा, तिचा नवरा विक्रम आणि सासू कौशल्याबाई. विक्रम मौद्याच्या वीज केंद्रात पाळीवर जातो. सकाळची पाळी असली की दुपारी डबा हलवत परत येतो. कौशल्याबाई मूळच्या मौद्याकडच्याच, त्यांचं गाव आणि माझं गाव यांच्यामध्ये एक नाला. त्यामुळे आमचं जमतं. नाल्यावरचे मासे, नाल्यावरची भांडणं, नाल्यात वाहून गेलेली बैलगाडी, असे विषय आम्हाला संपत नाहीत.

आता या घरात समुद्र कसा शिरला ते सांगतो.

करिष्माची दाढ दुखत होती. धंतोलीतल्या एका दवाखान्यात ती नंबर लावून बसली होती आणि समोर काचेच्या टाकीत रंगीत पोवळी होती, जिवंत. डॉक्टरच्या मदतनीस बाईनं सांगितलं, "मॅडम, हे खरे कोरल आहेत." करिष्माला खरं म्हटलं की खोटं वाटतं. तिला ते प्लास्टिक वाटलं. कोणाचं लक्ष नाही बघून तिनं टाकीत बोट घातलं आणि एका गुबगुबीत गोळ्याला टोचलं. तो गोळा सगळे तंतू आत ओढून असा मिटला की ती दाढ विसरली. मला सांगताना तिचे डोळे मोठे झाले होते. "काकाजी, त्यानं माझ्यावर संशय घेतला!" आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या जातीचं कोणी भेटलं होतं.

त्यानंतर वर्षभर तिनं वाचलं, विचारलं, दुकानदारांना भंडावलं, आणि मग हॉलच्या लांब भिंतीला टाकी उभी राहिली. त्यातली पोवळी समुद्रातून तोडलेली नाहीत, हे तिनं स्वतः कागद बघून पटवून घेतलं होतं. आपल्याकडे संत्र्याचं कलम करतात तसं परदेशात टाक्यांमध्ये याचंही कलम करतात. बोटाएवढा तुकडा खडूसारख्या चकतीवर चिकटवून देतात. पाणी मिठाचं, आणि नागपूरचा उन्हाळा हा असा. पाणी तापलं की पोवळं मरतं. म्हणून हॉलमध्ये एसी लागला. त्यावरून कौशल्याबाईंनी मला जिन्यात गाठलं.

"पाह्यलं का भाऊजी? माणसाईले कूलर अन् मासोळ्याईले एसी."

"मग तुम्ही हॉलमध्ये बसा ना."

"बसतोच हो. मी काय येडी हाय?"

पोवळं म्हटल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी सुनेला विचारलं होतं, "मंगळाच्या अंगठीत राहते तेच का वं हे?"

"त्याचीच जात, आई."

"मंग पाण्यात काहून ठेवलं? बोटात घाल ना, काही उपयोग तरी होईन."

मी रोज दुपारी तिथे बसायला जाऊ लागलो. खरं सांगायचं तर आधी एसीसाठी, नंतर टाकीसाठी. डाव्या काचेला आतून वाटीएवढा पंप लावलेला. बाहेरून चुंबक, आतून पंप, मध्ये काच. त्याचं तोंड टेबलफॅनसारखं कुठेही वळतं आणि तो पाण्यात वारा घालतो. वारा म्हणजे साधासुधा नाही. मासे समोर आले की त्यांना पोहत एका जागी थांबावं लागतं. करिष्मा म्हणायची, खऱ्या समुद्रात लाट थांबते का, मग इथे का थांबावी?

आणि सगळी कला ती इथेच. या वाऱ्यात कोणाला कुठे बसवायचं? पोवळं ठेवायच्या आधी ती चिमूटभर बारीक खाद्य पाण्यात सोडायची आणि ते कुठून कुठे वाहतं ते काचेला नाक लावून बघायची. जिथून कण सुसाट जातात तिथे, वरच्या दगडावर, कडक फांद्यांचं पोवळं. त्याला वारा अंगावर घ्यायला आवडतं. जिथे कण गिरकी घेतात तिथे बटणांच्या गालिच्यासारखं एक. आणि अगदी खाली, दगडाच्या आडोशाला, तिचं लाडकं: बोटाएवढ्या लांब हिरव्या तंतूंचं, मशालीसारखं. त्याला वाराही हवा आणि सरळ झोतही नको. "डोललं पाहिजे काकाजी, झोपलं नाही पाहिजे." शिवाय दोघांमध्ये वीतभर जागा सोडावी लागते, कारण जवळ आले की ही पोवळी रात्री तंतू लांबवून एकमेकांना डंख मारतात.

मी म्हटलं, "म्हणजे आपली फ्लॅट सिस्टिमच."

"तुमची आमची भिंत तरी आहे मधात," करिष्मा म्हणाली.

उन्हाळा चढला आणि भानगड सुरू झाली. एका संध्याकाळी करिष्मा ऑफिसातून आली तर मशाल आडवी पडल्यासारखी, सगळे तंतू एका बाजूला चेपलेले. तिनं ती थोडी सरकवली. काही दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी एका कडेचं मांस सुटून आतलं पांढरं हाड दिसत होतं. मग वरच्या दगडावरचं फांद्यांचं पोवळं चकतीसकट खाली कोसळलं आणि बटणांच्या गालिच्यावर पडलं. तिथे जळाल्यासारखा डाग. करिष्मानं सगळं पुन्हा मांडलं, पाण्यात सुटत नाही अशा गोंदानं चिकटवलं, खाद्य सोडून वारा तपासला. सगळं जागच्या जागी. पुढच्या आठवड्यात मशाल परत चेपलेली.

ती माझ्या दारात आली.

"काकाजी, तुमच्याकडे आमच्या घराची चावी आहे ना?"

"आहे."

"दुपारी येऊन बसता ना?"

"बसतो. तुझा एसी फार गोड आहे."

"हात तं नाही लावला कशाले?"

"बाई, मी नातीच्या मोबाईलले हात लावत नाही, तुझ्या समुद्राले कुठं लावू?"

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, जुन्या सहीशेजारी नवी सही ठेवून बघावी तशी. मग म्हणाली, "चावी द्या." मी दिली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. या वयात आपल्यावर कोणी संशय घ्यावा म्हणजे आपण अजून काही करू शकतो असं कोणाला तरी वाटतं.

चावी गेली, माझं बसणं बंद झालं, आणि मशाल पुन्हा चेपली. मी सुटलो. पण माझ्या सुटण्यानं दुसरं कोणी अडकणार होतं हे माझ्या ध्यानात आलं नाही.

करिष्मानं पंपावर संशय घेतला, म्हणजे पंपाला हात लावणाऱ्यावर. तिनं पंपाचं तोंड जिथे वळलेलं होतं त्याच्या अगदी समोर, बाहेरच्या काचेवर, आपल्या पाकिटातली एक लाल टिकली चिकटवली. कोणाला सांगितलं नाही. दोन दिवसांनी पंपाचं तोंड टिकलीच्या बरंच खाली होतं, सरळ मशालीवर. पंप आपण होऊन मान खाली घालत नाही. दुपारी घरात असतं कोण? विक्रमवर तिचा डोळा गेलाच नाही. तो टाकीकडे पाठ करून बसायचा, आणि विषय निघाला की एकच वाक्य: "ना मासोळी खाता येते, ना पोवळं घालता येते." उरल्या कौशल्याबाई.

आणि कौशल्याबाईंची एक सवय सगळ्या बिल्डिंगला ठाऊक. अमावास्येला त्या फुटाळ्यावर जातात आणि माशांना कणकेच्या गोळ्या टाकतात. त्यांची सासू गावच्या नाल्यात टाकायची, त्या तलावात टाकतात. करिष्मानं गणित मांडलं: इथे टाकल्या असतील, वाऱ्यानं गोळी उडून गेली असेल, म्हणून पंप फिरवला असेल. गणित तिचं बरोबर होतं. फक्त नाव चुकलं होतं.

कौशल्याबाई पोळ्यांची कणीक मळत होत्या तेव्हा हिनं विचारलं. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं.

"आई, खरं सांगा. टाकीत गोळ्या टाकता ना?"

"कायच्या गोळ्या?"

"कणकेच्या. मी रागावणार नाही, फक्त खरं सांगा."

"म्या हात नाही लावला तुया टाकीले."

"मग पंप कोण फिरवते? तुम्हीच तं राहता दुपारी."

परात ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग कौशल्याबाई अगदी हळू बोलल्या, आणि मला तेव्हाच भीती वाटली, कारण त्या एरवी हळू बोलत नाहीत. "या घरात मले चोर म्हणून राहिली तू. शनिवारी विक्या आला का मले बस स्टँडवर सोडायले सांग. गावचं घर उघडतो, तिथंच राहतो."

ही नुसती धमकी नव्हती. कौशल्याबाईंना त्यांच्या भावजयीनं एकदा तुपाच्या बरणीवरून काही विचारलं होतं. त्या त्याच संध्याकाळी निघाल्या, आणि भाऊ वारला तेव्हा अंगणात उभ्या राहून परत आल्या, उंबरठा ओलांडला नाही. गुडघे गेलेले, गावचं घर कुलपात, शेजारी दोन म्हाताऱ्या. तिथे त्या कशा राहणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि त्या राहतील हेही.

करिष्मा रात्री आमच्याकडे आली. "काकाजी, ह्या गेल्या तर परत येणार नाहीत."

"मग थांबव."

"कसं थांबवू? मले अजूनही वाटून राहिलं की त्यांनीच केलं. खोटं कसं बोलू?"

ती खोटं बोलत नाही, हीच तर तिची अडचण.

शनिवारी तिचं ऑफिस अर्धा दिवस. दुपारी तिनं मला बोलावलं. हॉलमध्ये सोफ्यावर कौशल्याबाई, शेजारी पिशवी, विक्रमची वाट बघत. त्या टाकीकडे बघत नव्हत्या, सुनेकडेही नाही. करिष्मा म्हणाली, "काकाजी, तुम्ही समोर राहा. मी मशाल शेवटची हलवून पाहते. नाही जगली तर टाकी देऊन टाकीन, विषय संपला."

तिनं पंप थांबवला, लांब चिमटा घेतला आणि मागच्या दगडाची खाच दाखवली, म्हणाली इथे झोत पोचत नाही. मला आमच्या गावच्या धोंडबाकाकांची आठवण झाली. ते नाल्यात मोठ्या दगडाच्या पाठीमागे उभे राहून आधी तिथे अडकलेला काडीकचरा हातानं काढायचे, मग मासे धरायची पिंजरी लावायचे. मी ते सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात करिष्मा म्हणाली, "हे काय आहे?"

चिमट्याच्या टोकाला एक फुगलेला, पांढुरका तुकडा होता. तिनं तो बशीत ठेवला. मी चष्मा सारखा केला. कौशल्याबाई न बघायचं ठरवून बसल्या होत्या, पण मान वळलीच.

"कणीक आहे," करिष्मा म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता. पुरावा मिळूनही आनंद नव्हता त्यात.

कौशल्याबाई उठल्या, गुडघ्यावर हात टेकत आल्या, बशीत बघितलं. "कणीक कुठची? भाजेल हाय हे. हा डाग पाय तव्याचा. पोळीचा तुकडा हाय." मग एकदम संतापल्या. "उष्टं हाय हे! मी मासोळीले उष्टं घालीन का वं? कुत्र्याले सुद्धा वेगळी पोळी करून घालतो मी. तुले इतक्या वर्षांत एवढं नाही समजलं?"

करिष्मानं बशी खिडकीशी नेली, बोटानं तुकडा उलटला. आत हिरवं पान होतं.

"मेथी," ती म्हणाली. "गुरुवारी मेथीचे पराठे केले होते. आईंचा उपास होता. मी पोहे नेले. पराठे फक्त एका डब्यात गेले."

आम्ही तिघंही दाराकडे बघू लागलो. दाराची बेल वाजायला जो वेळ लागला तो फार मोठा होता.

विक्रम आत आला. एका हातात डबा, काखेत हेल्मेट. आमच्याकडे बघितलं, बशीकडे बघितलं, आणि जोडे काढायला खाली वाकला तो वर यायलाच तयार नाही.

"अहो," करिष्मा म्हणाली, "डबा उघडा."

"संपला डबा."

"उघडा."

आत अर्धी पोळी होती, घडी घालून नीट ठेवलेली.

"कोणासाठी आहे ही?"

विक्रमनं माझ्याकडे मदतीसाठी बघितलं. मी छताकडे बघितलं.

"तो नारंगी मासा मले ओळखते," तो शेवटी म्हणाला. "मी जोडे काढले की कोपऱ्यात येऊन उभा राहते. आता खाऊन राहिला थोडंसं, तं काय झालं?"

"तुम्ही तं टाकीकडे पाठ करून बसता!"

"तू घरी असली की बसतो. दुपारी आई झोपली, काकाजी घरी गेले, की मंग मी अन् तो."

"आणि पंप?"

"पंपानं तुकडा उडून जाते ना. त्याच्या तोंडापर्यंत जातच नाही. म्हणून पंपाचं तोंड जरा भिंतीकडे फिरवतो. त्याचं खाणं झालं की परत होतं तसं ठेवतो."

"होतं तसं?"

"अंदाजानं."

करिष्मानं डोळे मिटून घेतले. "बंद करायचं बटण आहे त्याले. दाणा टाकण्यासाठीच आहे. एकदा दाबलं की पंप थांबते, थोड्या वेळानं आपोआप सुरू होते. बटण काहून नाही दाबलं?"

"ते बटण तुझं आहे."

"म्हणजे?"

"प्लांटवर दुसऱ्याच्या मशीनचं बटण दाबत नाही आम्ही. ज्याची मशीन त्याची परवानगी लागते, त्याशिवाय हात नाही लावायचा. नोकरीले लागलो तेव्हापासून डोक्यात बसलं आहे ते."

"आणि मशीनचं तोंड फिरवलेलं चालते?"

विक्रमनं जरा विचार केला. "तोंडाचं कोणी काही सांगितलं नव्हतं."

मी हसलो. थांबवता आलं नाही. करिष्माच्याही ओठांचा कोपरा हलला. पण कौशल्याबाई हसल्या नाहीत.

"विक्या," त्या म्हणाल्या, "ही मले चोर म्हणून राहिली होती तवा तू घरात होता ना?"

"आई, मले वाटलं दोन दिवसांत ठंडं होईल."

"मायले चोर होऊ देल्लं. मासोळीपायी." त्यांनी पिशवी उचलली. "चाल, स्टँडवर सोड."

आता सगळं उघड झालं, आता त्या थांबतील, असं मला वाटत होतं. पण त्यांच्यावरचा आळ गेला असला, तरी तो एकदा घेतलेला होताच. करिष्मानं हात पुसले. ती माफी मागेल असं माझ्या मनात आलं, आणि तिला ते जमणार नाही हेही. तिनं मशाल त्या खाचेत ठेवली, पंप सुरू केला, आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्याला पिशवी होती.

"मी पण येते."

"तू कायले?"

"घर एवढं बंद आहे. झाडायले माणूस लागते."

"अन् तुये मासे? ते हिरवं, ते मरायले टेकलं ते?"

"राहील."

"कोन पाहीन त्याईले?"

करिष्मानं नवऱ्याकडे बघितलं. दूधवाल्यावर भरवसा नाही, गॅसवाल्यावर नाही, माझ्यावर नाही. आणि आता हा, ज्यानं महिनाभर तिच्या नाकाखाली समुद्र वाकडा केला.

"हे पाहतील," ती म्हणाली. मग विक्रमचा हात धरून टाकीशी नेला, त्याचं बोट बटणावर ठेवलं. "दाबा. माझी परवानगी आहे."

त्या दोघी मौद्याच्या बसनं गेल्या. संध्याकाळी माझा फोन वाजला.

"काकाजी, जरा समोर जाऊन या. हे काय करून राहिले ते पाहा. सांगू नका मी फोन केला म्हणून."

मी तर जोडे न घालताच गेलो. दार उघडं होतं. विक्रम टाकीपुढे खुर्ची टाकून बसला होता, हात मांडीवर, आणि कानाला फोन. "हो, आले आहेत आत्ताच," तो दबक्या आवाजात म्हणत होता. "नाही, नाही लावू देत हात. मी बसलोच आहे ना इथं." मला बघून त्यानं फोन ठेवला. आम्ही दोघंही बराच वेळ त्या नारंगी माशाकडे फार लक्ष देऊन बघत राहिलो. मग तो म्हणाला, "काकाजी, तुम्हाले पण?" मी म्हटलं, "मले पण." आम्ही चहा केला.

सोमवारी संध्याकाळी ऑटो थांबला. आधी कौशल्याबाई उतरल्या, मागून दोन्ही पिशव्या घेऊन करिष्मा, कोपरापर्यंत शेणामातीचे पोपडे. मी कौशल्याबाईंना जिन्यातच गाठलं. "काय झालं? माफी मागितली का सुनेनं?"

"माफी गिफी कायची? घर झाडलं, अंगण पोतारलं, तोंडातून शब्द नाही. मी म्हटलं, मी इथंच राहतो. तं म्हणे, मी बी सुट्टी वाढवते. म्हटलं वाढव. खरंच साहेबाच्या घरी फोन लावला, रविवारी! रात्रभर कुशी बदलून राहिली, त्या हिरव्याचा विचार करून, पण घरी चाला म्हणून नाही म्हटलं एकदाबी. सकायी मीच म्हटलं, चाल बाई. तुये मासे उपाशी मारून मले कोणतं पुण्य लागते?"

विक्रम दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होता. कौशल्याबाई त्याच्या शेजारून गेल्या, त्याच्याकडे बघितलं नाही, चपला न काढता सरळ टाकीपाशी. मशाल उभी होती, कडेचं हाड अजून पांढरं, पण उरलेले तंतू फुगून डोलत होते. त्या काचेवर झुकल्या.

"विक्या, तोंड फिरवलं का?"

"नाही आई. बटण दाबलं. रोज."

"मंग हे या बाजूनं काहून झुकून राहिलं?" त्यांनी मान तिरकी केली. "करिष्मा, तू पाय वं जरा. मले याचा भरोसा नाही."

करिष्मानं पिशव्या तिथेच खाली सोडल्या आणि सासूच्या शेजारी काचेला नाक लावलं. चहा निवत होता. विक्रम ट्रे धरून उभा राहिला. ठेवू का, असं विचारायचीही त्याची हिंमत झाली नाही.